धोतराला खळ होती का, दादा?

नमस्कार दादा. आमच्या मेडिकलला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की सोयाबीन काढताना आबांना विळा लागला, तुम्ही सॅव्हलॉन मागितलं आणि आम्ही बेटाडीन गळ्यात मारलं. धोतरावर निळा-काळा डाग पडला, म्हणजे माल नकली. वर, 'दोन्ही सारखंच, ह्यांना फक्त मार्जिन दिसतं.'

आधी डागाचं. धोतराला खळ होती का? बेटाडीनमध्ये पोव्हिडोन-आयोडीन असतं आणि खळीतल्या स्टार्चला आयोडीन लागलं की निळं-काळं होतं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून दाखवायचे ना, तेच. व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून तेवढा भाग भिजवा, रंग उतरेल, मग साबणानं धुवा. गोळी दुकानातून न्या, पैसे नकोत.

सारखंच मात्र नाही. सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड ही जंतुनाशकं. क्लोरहेक्सिडीन कातडीला धरून राहतं, लावल्यावर कित्येक तास काम करतं. ऑपरेशनआधी ते स्पिरिटमध्ये मिसळून लावतात ते त्यासाठीच. पण जंतूंच्या बीजाणूंपुढं, म्हणजे कडक कवचात झोपून राहिलेल्या जंतूंपुढं, त्याचं चालत नाही, साबण राहिला तर जोर कमी होतो, आणि कानात-डोळ्यात जाऊ द्यायचं नसतं. शिवाय सॅव्हलॉन पाणी घालून वापरायचं. आपल्या परभणीकडं सरळ जखमेवर ओततात, तेही हळद दाबून झाल्यावर! आयोडीन बुरशी, विषाणू, वेळ मिळाला तर बीजाणूंनाही पुरून उरतं. काळ्या रानातली, माती गेलेली जखम म्हणून मी ते दिलं. रक्त-पू असला की तेही लवकर संपतं, म्हणून आधी वाहत्या पाण्यानं जखम धुवायची, मग लावायचं आणि दोन-तीन मिनिटं वाळू द्यायचं.

हे वाळू द्यायचं मी सांगितलं नाही, ही माझी चूक. आबांना थायरॉईडचा त्रास आहे का, हेही विचारलं नाही. तसं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयोडीन रोज लावत राहू नये. बाजाराचा दिवस, काउंटरला झुंबड, तरी विचारायला पाहिजे होतं.

मार्जिनचं म्हणाल तर बिल काढून बघा, छापील किमतीवर एक रुपया घेतलेला नाही.

आणि आबांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का? त्या कामाला ह्या दोन्ही बाटल्या उपयोगाच्या नाहीत. घेतलं नसेल तर डाग राहू द्या, आजच त्यांना सरकारी दवाखान्यात न्या.