कार्डाला ऊन दाखवायचंय

दुधाचे खाडे कालनिर्णयवर लिहायची माझी जुनी सवय, आता त्याच चौकोनांत मी अमेरिकेबाहेरचे दिवस लिहिते. काल १४७ झाले. दूधवाला हिशोबाला आला आणि कॅलेंडर बघून घाबरलाच, काकू एवढे खाडे? म्हटलं तुझे नाहीत रे बाबा, अमेरिकेचे आहेत.

झालं असं की लेक तिकडची सिटिझन झाली आणि तिने आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडे कायम राहायचा परवाना, करून टाकलं. हेतू चांगलाच, दर वेळी व्हिसाची कटकट नको, मनात आलं की आईबाबांनी विमानात बसावं. आता मनात येवो न येवो, बसावंच लागतं. गाद्यांना कसं ऊन दाखवतो तसं आम्ही दर पाच महिन्यांनी कार्डाला अमेरिका दाखवून आणतो. मागे भाचीच्या डोहाळजेवणाला जाता आलं नाही, कारण काय तर कार्ड.

या विषयात आमच्या सांगलीच्या सोसायटीतले सगळे वकील. सहा महिन्यांत एकदा पाय लावून यायचा की झालं, असं खालचे काका छातीठोक सांगतात. तसं नसतं हो. वर्षाच्या वर बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत हे खरं, सहा महिन्यांच्या वर गेलं की चौकशी वाढते हेही खरं, पण मुळात त्यांचा प्रश्न दिवसांचा नाहीच, तुमचं घर कुठलं हा आहे! आणि इथेच आमची गोची होते. माझ्या मैत्रिणीचं कार्ड कॅनडाचं आहे, तिला बरंय, पाच वर्षांत तिकडे ७३० दिवस भरले की सुटली, सरळ बेरीज. आमच्याकडे मनाची परीक्षा.

मग कोणीतरी सुचवलं, री-एन्ट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहून परत आत यायची परवानगी, काढा, दोन वर्षं निवांत. निवांत कसलं, अर्ज करताना स्वतः अमेरिकेत हजर पाहिजे आणि वर बोटांचे ठसे. माझे ठसे उठेचनात! चाळीस वर्षं कणीक मळून आणि भांडी घासून बोटं पार गुळगुळीत झालीत, त्या मशीनला मी माणूस आहे हेच पटेना. ती पोरगी बिचारी बोट पुसतेय, कसलंसं पाणी लावतेय, दाबतेय, रिलॅक्स मॅम म्हणतेय, आणि ह्यांचे ठसे मात्र पहिल्या झटक्यात. उठणारच ना, त्या बोटांनी फक्त पेपरची पानं उलटलीयत.

टॅक्सचं तर विचारूच नका. कार्ड आहे म्हणजे जगभरातलं उत्पन्न तिकडे दाखवायचं, पेन्शन आली, एफडीचं व्याजही आलं. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं तर आणखी एक फॉर्म, त्यात प्रत्येक खात्याचा वेगळा तपशील आणि वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक लिहायची. ह्यांनी रिटायर झाल्यावर पैसे कुठे एका जागी ठेवलेत, अर्धा टक्का व्याज जास्त दिसलं की तिथे एक पावती. त्या पावत्या साड्यांच्या घडीत. एका बँकेत मी गेल्या वर्षीची सगळ्यात जास्त शिल्लक मागितली तर काउंटरवरचा म्हणाला, मॅडम आत्ताची घ्या की, तीच बरी आहे.

मागच्या वेळी अमेरिकेत उतरलो तेव्हा ऑफिसरने विचारलंच, किती दिवस बाहेर होता? लेकीची शिकवण अशी की खोटं बोलायचं नाही आणि खरं विचारल्यापेक्षा जास्त बोलायचं नाही. मी म्हटलं, वन हंड्रेड फिफ्टी एट. त्याने मान वर करून बघितलं, इतका नेमका आकडा त्याला बहुतेक कोणी देत नसावं. मग पासपोर्ट परत सरकवत हसून म्हणाला, वेलकम होम.

आम्ही दोघंही थँक्यू म्हणून पुढे आलो. बॅगांच्या पट्ट्यापाशी हे हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, घरचा गॅस बंद केलायस ना?"