‘रिमोटचं खेळणं’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, माझ्या रिमोटच्या थर्माकोलच्या विमानावरची तुमची कमेंट वाचली. "माझा भाचा पायलटचं ट्रेनिंग घेते, तुमचं हे रिमोटचं खेळणं तो डोळे झाकून उडवीन, उगाच बरोबरी करू नका" म्हणता. बरोबरी मी केलीच नव्हती. मला सेसनात, म्हणजे ट्रेनिंगच्या छोट्या खऱ्या विमानात, बसवलं तर ती सुरूसुद्धा करता येणार नाही, अन् माझं पडलं तर थर्माकोलचा चुरा होते, तिथं माणूस जाते, एवढं कळते बाप्पा.

पण डोळे झाकून? पायलट विमानात बसून असते, त्याचं डावं तेच विमानाचं डावं. मी धुऱ्यावर उभा. विमान दूर जाते तोवर ठीक, पण वळून माझ्याकडं यायला लागलं की सगळं उलटं. दिवाळीनंतर असंच, माझ्या डाव्या हाताकडचा पंख झुकला म्हणून मी सवयीनं रिमोटची स्टिक उजवीकडं नेली, तर तो अजूनच झुकला अन् विमान थेट शेजारच्या पऱ्हाटीत. काकू वेचणी सोडून पाहत उभ्या, प्रोपेलरला कापूस गुंडाळलेला, बॅटरी तीन तासांत मिळाली. समोरून येताना जो पंख खाली दिसते त्याच्याच बाजूला स्टिक न्यायची, टेकू लावल्यासारखी, हे तेव्हा डोक्यात बसलं.

दुसरं म्हणजे वारा. समजा विमान हवेत ताशी ४० किलोमीटरनं चाललं अन् वारा २० चा आहे. वाऱ्यासोबत जाताना जमिनीवरून ते ६० नं पळताना दिसते, आपल्याला वाटते लय जोरात चाललं, म्हणून थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो, पण पंखांना लागते ती हवेतली स्पीड, ती लय घटली की स्टॉल, म्हणजे पंख विमानाला उचलून धरत नाही, अन् विमान एका पंखावर कलंडून खाली. सेसनात हवेतली स्पीड दाखवणारा काटा असते, स्टॉलच्या आधी भोंगा वाजते, बुडाखाली सीट थरथरते. माझ्या साध्या मॉडेलात यातलं काहीच नाही, फक्त डोळे, अन् संध्याकाळी उन्हाकडं गेलं तर तो एक काळा ठिपका, येते की जाते तेही समजत नाही.

एक मात्र तुमचं खरं, हवामान, रेडिओवरचं बोलणं, मागं बसलेल्यांची जबाबदारी, हे ओझं आमच्या डोक्यावर नाही, म्हणून तर आम्ही फेविकॉल लावून संध्याकाळी परत उडवतो.

भाच्याला तूर निघाली की घेऊन या. जुनं विमान देतो, नवं नाही.