मामा, त्या मेसेजवर रस्ता बांधू नका

परवा रात्री मामांचा फॉरवर्ड आला. 'महामार्ग का खचतात? इंजिनिअर लपवतात ते सत्य!' एरवी असलं मी उघडतही नाही. पण खाली मामांनी स्वतः टाइप केलं होतं: "आपल्या जोडरस्त्याचं काम निघालंय. खालचं खोदकाम नि मुरूम वगळून काँक्रीटच दोन इंच वाढवून घ्यायला सांगतो. काय म्हणतोस?" मामांचं गाव परभणीकडे, शिवार सगळं काळंभोर. मी माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करतो. झोप उडाली.

मेसेजचं म्हणणं असं: मुरूम, पाणी, रोलिंग हा सगळा बिलं फुगवायचा धंदा. काळी माती मुळातच कातळासारखी टणक. वर जाड काँक्रीट टाका, पन्नास वर्षं बघायला नको. रस्ते खचतात ते फक्त ओव्हरलोड ट्रकांमुळे.

'कातळासारखी' लिहिणारा काळ्या रानात फक्त एप्रिलमध्ये गेला असणार. तेव्हा असतेच टणक, कुदळ ठणकन उडते. पण त्याच रानातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, ते नाही दिसलं? माती आक्रसली म्हणून ती भेग पडली. मृगाचे दोन पाऊस झाले की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि चालताना चपला जागेवर राहतात, पाय पुढे जातो. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते एकमेकांपासून सरकतात, वाळलं की पुन्हा जवळ येतात. दर वर्षी हेच. गाव पांढरीवर वसवायचं आणि काळी पेरायची, ही वाटणी काही कुणा इंजिनिअरने केलेली नाही. आणि मामांनी स्वतःचं घर बांधताना मुरूम लागेपर्यंत पाया खणला होता की! तेव्हा कुणाचं बिल फुगलं?

बरं, वर काँक्रीट टाकलं. रस्त्याच्या मधल्या भागावर झाकण बसलं, तिथला ओलावा फारसा हलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगत राहते, उन्हाळ्यात बसत राहते. म्हणून पहिली भेग बहुतेक वेळा कडेला धरून, लांबच लांब पडते. कड खालून पोकळ झाली की स्लॅब अधांतरी, आणि उसाची ट्रॉली गेली की कोपरा तुटला. काँक्रीट दाबाला भक्कम, वाकायला नाही. रस्त्याचं एम-40 काँक्रीट दाब 40 मेगापास्कलपर्यंत घेतं, वाकताना साडेचारच्या आसपास चिरतं. दोन इंच वाढवून खालची पोकळी भरत नाही.

हे माझं मत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये (2013 ची पाचवी आवृत्ती, कलम 305) स्पष्ट आहे: जिचा फुगवटा निर्देशांक (रॉकेलात बसते त्यापेक्षा पाण्यात माती किती टक्के जास्त फुगते तो आकडा) 50 टक्क्यांच्या वर, ती माती भरावात वापरायचीच नाही. निर्देशांक 50 च्या आत असला तरी वरच्या 500 मिलिमीटरच्या सबग्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या मातीत, नाही, आणि त्याखालच्या आणखी 500 मिलिमीटरमध्येही नाही. सबग्रेड दाबायची ती लॅबमध्ये मिळालेल्या कमाल घनतेच्या 97 टक्क्यांपर्यंत. ठेकेदाराला हे टाळता येतं का? येतं, रोज टाळलं जातं. म्हणूनच तर तपासायचं.

पाणी मारून रोलिंग करणं हा देखावा, हा मुद्दा दोन ओळींत संपतो. ठरावीक ओलाव्यालाच माती सर्वांत घट्ट बसते, हे प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने 1933 मध्ये कॅलिफोर्नियात दाखवलं. कोरड्यावर रोलर फिरवा, नुसती धूळ उडेल.

ट्रकांचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 60 दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवले, तेव्हा दिसलं की अक्षभार (चाकांच्या एका आसावरचं वजन) दुप्पट झाला की नुकसान साधारण सोळा पट होतं. पण केरळात कूरियाडला 19 मे 2025 रोजी राष्ट्रीय महामार्ग 66 चा भातखाचरावरचा भराव कोसळला, तो काम चालू असतानाच. खालच्या मातीला भरावाचं वजन पेललं नाही. तिथे कुठला ओव्हरलोड ट्रक होता? हाच महामार्ग आपल्या पनवेलहून निघतो.

मामांना फोनवर एवढंच सांगितलं: रस्त्याच्या जागेवरची माती वाळवून बारीक चाळा. दहा-दहा ग्रॅम मापाच्या खुणा असलेल्या दोन सरळ, अरुंद ग्लासांत घाला, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून चोवीस तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. तिथे ती 10 मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात 15 च्या वर गेली, म्हणजे निर्देशांक 50 टक्क्यांच्या वर, तर ती माती भरावाला नापास. लॅबमध्ये आम्ही हेच करतो, फक्त मोजपात्र चांगलं असतं.

आज सकाळी फोन आला. गावात रॉकेल मिळत नाही, डिझेल चालेल का? म्हटलं, घरी बघायला चालेल, रिपोर्टवर नाही. ठरावाचा कागद तोवर सही न करता कपाटात ठेवलाय म्हणाले.