कामं नोंदीतच का ठेवते: देवगडच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून तिच्याखाली दोन ओळी टाकून मोकळी होण्यापेक्षा स्वतंत्र उत्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोंदी आणि करायची कामं दोन्ही ऑब्सिडियन नावाच्या नोंदवहीच्या अ‍ॅपमध्येच ठेवावीत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. काकांची देवगडला हापूसची बाग आहे. त्यांच्या मते ही खिचडी आहे. नोंदींच्या ढिगात कामं गाडली जातात, हे अ‍ॅप वेळेवर घंटा वाजवत नाही, आणि कामांसाठी खास बनवलेली अ‍ॅप्स असताना हा खटाटोप कशाला? बागेतल्या गड्याला तुम्ही हे दाखवणार कसं, असंही त्यांनी विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय की त्यांच्या वडिलांची एक जाड वही होती, ती यापेक्षा बरी.

वहीपासूनच सुरुवात करते. तिच्यात काय काय असायचं ते तुम्हीच सांगितलंय: फवारण्या, मजुरी, पेट्यांचा हिशेब, आणि समासात ‘खत आणणे’, ‘कुंपण बघणे’. म्हणजे फवारणीची नोंद आणि पुढच्या फवारणीचं काम एकाच पानावर होतं. मी जे सुचवतेय ते अगदी हेच आहे. वडिलांनी कामांसाठी दुसरी वही केली नाही, कारण काम करायच्या वेळी त्यांना वरच्या चार ओळी लागायच्या.

आता जुलैचं एक काम घेऊ. कल्टार, म्हणजे आंबा दर वर्षी मोहोरावा म्हणून बुंध्याभोवती मातीत घालायचं औषध. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस तुम्हाला पाठ असेल: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिलि, साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. म्हणजे सहा मीटर विस्ताराच्या झाडाला १८ मिलि. वेगळ्या टू-डू अ‍ॅपमध्ये हे काम ‘कल्टार घालणे’ एवढ्या दोन शब्दांत बसतं. पण बाटली आणि मापाचा पेला घेऊन बागेत उभं राहिलं की त्या दोन शब्दांचा काडीचा उपयोग नसतो. कुठल्या झाडाचा विस्तार किती, कुठलं कलम अजून दहा वर्षांचं झालेलं नाही, कुठलं झाड थकलंय म्हणून यंदा त्याला सोडायचंय, हे सगळं त्या क्षणी हातात लागतं.

माझ्याकडे ‘सड्यावरची बाग’ नावाची एक फाइल आहे. तिच्यात ओळीनुसार झाडं आणि त्यांची मापं आहेत. तिसऱ्या ओळीच्या मापांखालीच चौकोन असलेली एक ओळ आहे:

- [ ] ओळ ३ ला कल्टार, सातवं झाड वगळून (शेंडे वाळतायत), आधी बुंध्याभोवतीचं तण काढायचं

काम आणि ते करायला लागणारी माहिती यांच्यात बोटभरही अंतर नाही. सातवं झाड का वगळलं, हे पुढच्या जुलैत मला कोणाला विचारावं लागत नाही.

आता घंटेबद्दल. ऑब्सिडियन स्वतःहून घंटा वाजवत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण बागेतली बहुतेक कामं घड्याळाला बांधलेली नसतातच. १५ जुलैला सकाळी सातला फोन वाजला आणि बाहेर धो धो कोसळतोय, तर आपण घंटा बंद करतो आणि काम डोळ्यांआड जातं. कल्टारला पावसाची उघडीप लागते. थंडीतली फवारणी पालवी कधी आली, बोंगे कधी फुटायला लागले, तुडतुडे ही कीड दिसली की भुरी हा रोग, यावर ठरते. ती वेळ झाड सांगतं, आणि झाडाने काय सांगितलं ते माझ्या नोंदीत असतं. म्हणून उघडीप मिळाली की मी फाइल उघडते आणि काय काय बाकी आहे ते बघते.

फवारणीचंच उदाहरण आणखी जरा जवळून दाखवते, कारण माझं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. दुसऱ्या फवारणीनंतर साधारण पंधरा दिवसांनी तिसरी. आता दुसरी ठरल्या दिवशी होतेच असं नाही. पंप बिघडतो, माणूस मिळत नाही, ढग येतात. ऑब्सिडियनमध्ये ‘टास्क्स’ नावाचं एक फुकट प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, आहे. त्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या कामापुढे इंग्रजीत ‘एव्हरी १५ डेज व्हेन डन’ असं लिहिता येतं. त्यातल्या ‘व्हेन डन’ला महत्त्व आहे. फवारणी चार दिवस उशिरा झाली, तर पुढचे पंधरा दिवस प्रत्यक्ष फवारलं त्या दिवसापासून मोजले जातात. चौकोनावर खूण केली की पुढची ओळ नव्या तारखेसह आपोआप तयार होते, आणि झालेली ओळ तारखेसकट खाली तशीच राहते. तिच्याशेजारी मी औषधाचं नाव लिहिते. तेच ते औषध लागोपाठ मारलं की कीड त्याला दाद देईनाशी होते, त्यामुळे तिसरीला काय घ्यायचं हे दुसरीला काय घेतलं त्यावर ठरतं. निर्यातीसाठी मँगोनेटवर, म्हणजे आंबा बागांच्या सरकारी नोंदणीत, बाग नोंदवलेली असेल, तर फवारण्यांचा हिशेब ठेवावाच लागतो. इथे तो काम करता करता तयार होतो, नंतर आठवून लिहावा लागत नाही.

ज्या कामांची वेळ दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते, तिथे मात्र मी फोनच्या कॅलेंडरचाच गजर लावते, आणि तसाच लावावा. पीक विम्याची शेवटची तारीख, बँकेचा हप्ता. गणपतीचं रेल्वे आरक्षण तर सगळ्यात आधी. सकाळी आठला खिडकी उघडते आणि काही मिनिटांत गाड्या भरतात, तिथे नोंदवही काय कामाची? पण तिथेही नोंद लागतेच. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. ज्यांनी १२० दिवसांच्या हिशेबाने गजर लावून ठेवले होते त्यांचे गजर वाजले, पण आरक्षण काही उघडलेलं नव्हतं. गजर दिवस सांगतो, तो दिवस कुठून आला हे सांगत नाही. माझ्या ‘गणपती’ फाइलमध्ये नियम लिहिलेला आहे आणि गजराची तारीख त्यावरून काढलेली आहे.

कामं गाडली जातात हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. नुसते चौकोन काढत गेलं तर तसंच होणार. त्यासाठी एक मुख्य पान करावं लागतं. टास्क्स प्लगइनला त्या पानावर दोनच ओळी लिहून द्यायच्या: ‘नॉट डन’ आणि ‘ड्यू बिफोर टुमारो’. मग सगळ्या फायलींतली आजपर्यंतची राहिलेली कामं एका जागी दिसतात. ‘ग्रुप बाय फाइलनेम’ जोडलं की सड्यावरची बाग, खालची बाग, घर, असे गट पडतात. तिथेच खूण केली की मूळ फाइलमधला चौकोनही भरतो, आणि कामाशेजारच्या दुव्यावर बोट ठेवलं की थेट त्या नोंदीत जाता येतं. वर म्हटलेल्या कल्टारसारख्या बिनतारखेच्या कामांसाठी त्याच पानावर तशीच दुसरी यादी आहे, ‘नो ड्यू डेट’ लिहून केलेली. उघडीप मिळाली की मी ती बघते.

पण यंत्रणेपेक्षा एक शिस्त जास्त उपयोगी पडते. मनात आलेल्या प्रत्येक गोष्टीला चौकोन द्यायचा नाही. ‘विहिरीजवळ कोकम लावावं का’ हा विचार आहे, तो साध्या ओळीत राहू दे. रोपं कुठून आणायची ते ठरलं की मग चौकोन. आणि आंबा संपून पाऊस लागला की बसून राहिलेले चौकोन तपासायचे. जे आता होणार नाही ते रद्द करायचं. पुसायचं नाही, रद्दची खूण करायची, म्हणजे पुढच्या वर्षी तोच विचार आला तर आधी का सोडला होता ते कळतं.

गड्याला कसं दाखवणार? दाखवत नाही. आमच्याकडे राखणीला नेपाळी माणसं असतात, तुमच्याकडेही असतील. त्यांना संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर हिंदीत आवाजी निरोप जातो: उद्या कुठली ओळ, किती पाणी, काय मिसळायचं. तो निरोप मी फाइल समोर ठेवून बोलते. त्यांनी काय केलं ते परत त्याच फाइलमध्ये येतं. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅप असावं, असं मला अजिबात वाटत नाही.

आता खास बनवलेल्या अ‍ॅप्सबद्दल. त्यांतली काही फार चांगली आहेत. वंडरलिस्ट घ्या, किती लोकांचं लाडकं होतं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला ते बंद झालं. याद्या मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेता येत होत्या हेही खरं, पण न्यायचं की नाही आणि कधी, हे वापरणाऱ्याने ठरवलेलं नव्हतं. त्यानंतर महिन्याभरात, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडला वीज नाही, नेटवर्क नाही, झाडं आडवी. तेव्हा माझ्याकडे ऑब्सिडियन नव्हतं, फोनवर साध्या टेक्स्ट फायली होत्या. गाडीतून फोन चार्ज करून त्या उघडता आल्या, आणि पंचनाम्याच्या वेळी कुठल्या ओळीत किती कलमं होती ते सांगता आलं. त्याच फायली आज ऑब्सिडियनमध्ये जशाच्या तशा उघडतात. उद्या हे अ‍ॅपही बंद पडलं तर चौकोनासकट त्या ओळी कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येतील. टास्क्सची मुख्य यादी तेवढी जाईल, कामं आणि नोंदी राहतील. वादळाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने ही गोष्ट धरून ठेवावी असं मला फार वाटतं.

तुमचा मुलगा पुण्याला असतो आणि त्यालाही हे बघायचंय, असं तुम्ही लिहिलंय. तिथे एक अडचण आहे, ती आधीच सांगते. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर सिंकमध्ये, म्हणजे दोन फोनवरच्या फायली जुळवताना, घोटाळा होऊ शकतो. माझा भाऊ मुंबईला असतो, म्हणून आम्ही त्याच्या नावाची वेगळी फाइल केली आहे. औषधांची खरेदी आणि पेट्यांच्या ऑर्डरी तो तिथेच लिहितो, बागांच्या फायली फक्त वाचतो. मुख्य पानावर दोघांचीही कामं एकत्र येतात. तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी एकाच बागेची फाइल करा, वडिलांच्या वहीतली झाडांची मापं त्यात उतरवा, आणि मुलासाठी दुसरी फाइल पहिल्याच दिवशी वेगळी ठेवा.