फ्रेंच असते तर बरं झालं असतं म्हणे!

कोणीतरी पाँडिचेरीला जाऊन आलं की हमखास पोस्ट पडते. पिवळी भिंत, बोगनवेल, हातात क्रोसाँ आणि खाली कॅप्शन, इंग्रजांऐवजी फ्रेंच जिंकले असते तर आपला देश किती सुंदर झाला असता वगैरे. फोटो मस्त असतात, त्याबद्दल वाद नाही. पण हे वाक्य आता डोक्यात जायला लागलंय म्हणून लिहितोय.

फ्रेंच इथे कॅफे काढायला आले नव्हते हो. त्यांचीही कंपनीच होती. देशी शिपायांना कवायत शिकवायची, गादीच्या भांडणात एकाला हाताशी धरायचं आणि बदल्यात मुलूख उकळायचा, हा सगळा खेळ पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले यानेच तर रंगवला, इंग्रजांच्या क्लाइव्हने नंतर त्याचीच कॉपी मारली. अर्काटच्या नवाबाच्या गादीसाठी डुप्लेचा उमेदवार चंदासाहेब, हा बाबा त्याआधी साताऱ्यात मराठ्यांच्या कैदेत होता. आणि गुत्तीचे आपले मराठा सरदार मुरारराव घोरपडे, ते लढायचे आज इंग्रजांकडून तर उद्या फ्रेंचांकडून, ज्याची थैली जड त्याच्याकडून.

1746 ला फ्रेंचांनी मद्रास घेतलं. दोन वर्षांनी युरोपात तह झाला आणि मद्रास इंग्रजांना परत, बदल्यात कॅनडातला लुईबर्गचा किल्ला फ्रेंचांना. मद्रासच्या एखाद्या विणकराला लुईबर्ग कुठल्या दिशेला आहे हे तरी माहीत असेल का?

आता तंजावरचं ऐका, कारण हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही. 1758 ला लाली नावाचा फ्रेंच सेनापती आला, खजिन्यात खडखडाट, शिपायांचे पगार थकलेले. मग त्याने जुना कागद उकरून काढला, तंजावरच्या राजाकडे 56 लाख येणं आहे म्हणे, आणि निघाला वसुलीला. राजा कोण, तर प्रतापसिंह भोसले, आपल्याच भोसल्यांची तंजावरची गादी. वाटेत किवळूरच्या देवळात लुटालूट केली, हाती फारसं काही लागलं नाही, तर तिथल्या ब्राह्मणांना हेर ठरवून तोफेच्या तोंडी दिलं. तंजावरला वेढा घातला पण दारूगोळा संपत आला, त्यात किनाऱ्यावर इंग्रज आरमार दिसल्याची बातमी आली, हात हलवत परत.

इंग्रज काही जास्त शूर होते असंही नाही, प्लासीनंतर बंगालचा पैसा त्यांच्या हातात आला होता आणि जहाजं होती. फ्रेंचांचं आरमार 1759 ला मॉरिशसकडे गेलं ते परत आलंच नाही. जानेवारी 1760 मध्ये तमिळ मुलुखातल्या वांदिवाशला लाली इंग्रजांकडून हरला, त्याचा सरदार बुसी पकडला गेला, पुढे पाँडिचेरीला वेढा पडला, लोक उपाशी. शहर पडलं 16 जानेवारी 1761 ला. तारीख बघा! पानिपत 14 जानेवारीचं. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी तिकडे आपल्या बाजूने लढला आणि दोनच दिवसांत इकडे फ्रेंचांचा खेळ आटोपला. आपण मात्र त्या आठवड्याचं फक्त अर्धंच बोलतो.

इंग्रजांनी मग पाँडिचेरी जमीनदोस्त केली, त्यामुळे आज फोटोत दिसतं ते गाव त्यानंतर पुन्हा बांधलेलं आहे. लालीला पॅरिसमध्ये देशद्रोही ठरवून 1766 ला तोंडात बोळा कोंबून नेलं आणि मुंडकं उडवलं. स्वतःच्या सेनापतीची ही गत.

तरीही फ्रेंच सुसंस्कृत वाटत असतील तर हैती बघा, कॅरिबियनमधली त्यांची वसाहत. तिथल्या गुलामांनी लढून 1804 ला स्वातंत्र्य मिळवलं. 1825 ला फ्रान्सने युद्धनौका पाठवल्या, स्वातंत्र्याला मान्यता हवी तर 15 कोटी फ्रँक टाका, कशाबद्दल तर आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं त्याची भरपाई, आणि त्या नुकसानीत सुटलेले गुलामही धरलेले! म्हणजे माणसाने स्वतःचीच किंमत मालकाला चुकती करायची. नंतर रक्कम कमी केली, पण त्यापायी काढलेली कर्जं 1947 पर्यंत फिटत होती. अल्जेरिया आणि व्हिएतनामचं काढत नाही, पोस्ट आधीच लांबलीय.