रेंज निम्मी का भरते? ई-सायकलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी: कंपनीने एका चार्जला 40 किलोमीटर सांगितले, मिळतात 22, कोथरूडहून बावधनला जाताना चांदणी चौकाच्या चढावर सायकल दम टाकते, पावसात मोटर बंद पडते, त्यापेक्षा जुनी स्कूटर बरी.

22चा आकडा मला पटतो, पण त्यासाठी लगेच बॅटरीला बोल लावू नका. 36 व्होल्ट, 7.8 अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण 280 वॉट-अवर ऊर्जा असते. तुम्ही, बॅग आणि सायकल मिळून 110 किलो धरा. 100 मीटर उंची चढायला निव्वळ 30 वॉट-अवर लागतात; मोटरमधलं नुकसान धरलं तर 45च्या घरात. म्हणजे तेवढ्या एका चढात बॅटरीचा सहावा हिस्सा गेला! त्यात नुसत्या थ्रॉटलवर (पाय न मारता, मूठ पिळून) चढलात तर वेग ताशी 8-10 किलोमीटरवर येतो, आणि हब मोटरला, म्हणजे चाकाच्या मध्यात बसवलेल्या मोटरला, कमी वेगात जास्त करंट ओढणं अजिबात मानवत नाही. निम्मी वीज उष्णतेतच जाते. चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाका, पॅडल असिस्ट (पॅडल मारताना मोटरची मिळणारी साथ) वरच्या पातळीवर ठेवा आणि पाय थांबवू नका. थ्रॉटल सिग्नलवरून निघण्यापुरताच.

तरीही शंका असेल तर पूर्ण चार्ज झाल्यावर चार्जर काढा आणि तासाभराने मल्टिमीटर लावा. 41.5 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 40च्या खाली असेल तर बॅटरीतले सेल असमान झाले असावेत, वॉरंटीत दाखवा. (यातून बॅटरीची उरलेली क्षमता कळत नाही, हेही खरं.)

पावसाचं म्हणाल तर बरेचदा मोटर ठणठणीत असते. ब्रेक दाबला की मोटरची वीज तोडणारा एक छोटा स्विच ब्रेकच्या लिव्हरमध्ये असतो. तो ओला होऊन किंवा गंजून दाबलेलाच राहतो. त्याचं कनेक्टर सोडून बघा. मोटर फिरली तर दोष तिथेच, स्विच बदला. चाकाकडे जाणारी वायर आसाच्या खाली लोंबती वळण घेऊन वर येऊ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं, आत शिरत नाही.

खरी डोकेदुखी तुम्ही लिहिलीच नाहीत: मागच्या चाकाचं पंक्चर. हब मोटर बघून पंक्चरवाला हात वर करतो. त्याला चाक काढू नको म्हणा. टायर एका बाजूने रिमबाहेर काढून ट्यूब ओढली की भोक सापडतं, जागेवरच पॅच बसतो. चाक काढावंच लागलं तर आधी मोटरचं कनेक्टर सोडायचं, मग नट. उलट केलंत तर वायर तुटलीच समजा.

राहता राहिली स्कूटर. 250 वॉटची मोटर आणि ताशी 25 किलोमीटर वेग या मर्यादेतल्या सायकलला नोंदणी, लायसन्स लागत नाही. एका चार्जला जेमतेम 0.3 युनिट वीज. पण एकेरी अंतर 15 किलोमीटरच्या वर असेल, किंवा बॅटरी काढून घरात नेता येत नसेल, तर मीही स्कूटरच घ्या म्हणेन.