औषधांची ‘चोरी’ आणि नेक्सावरचा हिशेब

एक मेसेज पुन्हा जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: भारतीय कंपन्या परदेशी औषधं चोरून स्वस्तात विकतात, मूळ औषध महाग, कारण संशोधनाला अब्जावधी डॉलर लागतात, पेटंटला हात लावलात तर नवी औषधं येणंच बंद होईल. पुरावा म्हणून नेक्सावर या कर्करोगाच्या औषधाचं नाव दिलंय.

चोरीचं आधी बघू. १९७०च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधावर पेटंट मिळतच नसे, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवणं पूर्ण कायदेशीर होतं. औषध कंपन्यांचं माहेरघर असलेल्या स्वित्झर्लंडनेही १९७७ पर्यंत औषधांवर असं पेटंट दिलं नव्हतं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून आपण ते देतो, वीस वर्षांचं.

आता नेक्सावर. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं, बायर या जर्मन कंपनीचं औषध, महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट कायम ठेवून दुसऱ्या कंपनीला उत्पादनाची परवानगी. नॅटकोची किंमत ठरली ८,८८० रुपये. बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी, पुढे अपिलात ती ७ टक्के झाली. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, २०१४ मध्ये तिथेही हरली. मालकाला रॉयल्टी देणारा हा कसला चोर? शिवाय या तरतुदीखाली भारताने दिलेला हा एकमेव परवाना आहे. एका उदाहरणावर ‘भारत सर्रास पेटंट मोडतो’ असा इमला उभा केलाय.

दुसरा मुद्दा, संशोधनाच्या खर्चाचा, वरवर पटतो. खर्च होतो, खरंच होतो. पण किंमत त्या खर्चावरून ठरत असती, तर खर्च वसूल होईल तशी ती उतरली असती. रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक अमेरिकेत २००१ मध्ये वर्षाला सुमारे ३० हजार डॉलरला मिळायचं. २०१२ मध्ये तेच ९० हजारांच्या वर गेलं. औषध तेच, संशोधन आधीच झालेलं. वाढली ती फक्त किंमत, कारण रुग्णाला स्वस्त पर्याय नव्हता आणि बिल विमा कंपनीकडे जात होतं.

आणि पेटंटमुळेच नवी औषधं येतात? जिथे गिऱ्हाईक पैसेवालं असतं तिथे बऱ्याच अंशी येतात, हे मी नाकारत नाही. पण टीबीचं काय? टीबीवरचं रिफॅम्पिसिन हे औषध १९६०च्या दशकातलं. त्यानंतर अगदी नव्या पद्धतीने काम करणारं बेडाक्विलीन यायला २०१२ उजाडलं. मधल्या चाळीसेक वर्षांत पेटंट होतीच की. टीबीचा रुग्ण गरीब होता, एवढंच. बेडाक्विलीनच्या चाचण्यांतही सार्वजनिक पैसा मोठ्या प्रमाणावर लागला होता. तरी २०२३ मध्ये मूळ पेटंट संपत आलं तेव्हा ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला त्याच औषधाच्या एका क्षारावर, म्हणजे थोड्या वेगळ्या रासायनिक रूपावर, २०२७ पर्यंत नवं पेटंट हवं होतं. त्याला हरकत घेणाऱ्यांत होत्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या, दोघींची श्रवणशक्ती जुन्या औषधांनी गेलेली. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्चमध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जागतिक खरेदीतली सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत सुमारे २९० डॉलरवरून १३० वर आली, आणि १३० चा भाव खुद्द मूळ कंपनीने लावला होता! स्पर्धक दारात आल्यावर संशोधनाचा खर्च एकदम कमी झाला म्हणायचा.

एक गोष्ट मात्र मेसेजवाले आणि त्यांना उत्तर देणारे, दोघेही सोडून देतात. पेटंट संपलं म्हणजे औषध आपोआप स्वस्त होतं असं नाही. २०१९ मध्ये सरकारला कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, कारण कारखान्यातून निघालेल्या भावावर वाटेत भरमसाट नफा चढत होता. ते भांडण बायरशी नाही, इथल्याच साखळीशी आहे.